हाताचं फ्रॅक्चर भरल्यावर कराटेचा सराव पुन्हा कसा सुरू करावा?

तुमचा प्रश्न असा: बॅगवर पंच मारताना करंगळीखालचं हाड मोडलं, ऑपरेशन लागलं नाही, चार आठवड्यांनी प्लास्टर निघालं, दोन महिन्यांनी बेल्टची परीक्षा आहे, तर क्लासला कधीपासून जाऊ?

क्लासला उद्यापासून जा. पंच मात्र अजून आठ आठवडे कशावरही मारू नका.

चार ते सहा आठवड्यांत मोडलेल्या जागी नवं हाड धरतं, रोजची कामं जमू लागतात, पण ते अजून कच्चं असतं. आदळआपट सोसण्याइतकं पक्कं व्हायला साधारण दहा-बारा आठवडे जातात. एक्स-रेमध्ये फट दिसत राहिली तर लगेच घाबरू नका, हाड जुळल्यावरही ती रेघ बरेच दिवस दिसू शकते. म्हणून डॉक्टर फोटोइतकंच महत्त्व हाड दाबल्यावर दुखतं का याला देतात. त्यांना "व्यायाम करू का?" असं मोघम विचारलंत तर "करा" असं मोघम उत्तर मिळेल. "बंद मुठीने जोरात आपटायचंय, कधीपासून?" असं विचारा.

आज एक तपासणी घरीच करा. मूठ सावकाश अर्धी मिटा आणि नखांकडे बघा. चारही बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाकडे झुकलेली दिसली पाहिजेत. करंगळी अनामिकेखाली शिरत असेल किंवा एकच नख वेगळ्या दिशेला तोंड करून असेल, तर हाड पिळलेल्या अवस्थेत जुळतंय. ते व्यायामाने सुटत नाही. अशा वेळी लगेच हाताच्या सर्जनला दाखवा, कारण उशीर होईल तसं दुरुस्त करणं अवघड होतं. करंगळीचा उंचवटा थोडा बसलेला दिसणं ही मात्र वेगळी गोष्ट. तो बहुतेकांचा तसाच राहतो आणि मुठीच्या ताकदीला सहसा काही होत नाही.

आता खरी मेहनत. हाड आपलं आपण जुळतं, बोटं मात्र आपण होऊन सुटत नाहीत. मुठीच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंचे बंध बोट सरळ असताना सैल असतात आणि वाकवल्यावर ताणले जातात. सांधा सरळ ठेवून प्लास्टर घातलं असेल तर ते आखूड होतात आणि मूठ मिटत नाही. शिवाय बोट उचलणारा स्नायुबंध हाडाला अगदी लागून जातो आणि नव्या हाडाला चिकटू शकतो. तुमच्याकडे यातलं काय आहे हे ओळखायची सोपी खूण आहे. करंगळी आधी स्वतःच्या जोरावर सरळ वर उचला, मग दुसऱ्या हाताने हलकेच उचलून पाहा. दुसऱ्या हाताने बरीच जास्त उचलली गेली तर स्नायुबंध अडकलाय किंवा अशक्त आहे. दोन्ही वेळा सारखीच उचलली जाते, पण दुसऱ्या हातानेही वाकत नाही, तर सांधा आखडलाय. फिजिओकडे जाताना हे सांगितलंत तर त्यांचं अर्धं काम होईल.

दिवसातून पाच-सहा वेळा, कोमट पाण्यात दहा मिनिटं हात हलवून झाल्यावर, या पाच स्थिती ओळीने घ्या: बोटं सरळ, फक्त मुठीच्या सांध्यात वाकवून टेबलासारखी, वरची दोन पेरं वाकवून आकड्यासारखी, टोकं तळव्याच्या बुडाला टेकवून सपाट मूठ, शेवटी पूर्ण मूठ. प्रत्येक स्थिती तीन ते पाच सेकंद, दहा फेऱ्या. ताण जाणवावा, कळ येऊ नये. हात सुजत असेल तर कोमट पाणी वगळा आणि हात छातीच्या वर धरून हेच करा.

जाता जाता, रबरी चेंडू. प्लास्टर निघालं की प्रत्येक हितचिंतक चेंडू दाबायला सांगतो. हातात चेंडू असताना मूठ पूर्ण मिटूच शकत नाही, आणि तुम्हाला तर शेवटचा तोच अर्धा इंच कमवायचाय! आधी रिकामी मूठ पूर्ण मिटू दे. सहाव्या आठवड्यानंतर (आठवडे हाड मोडल्यापासून मोजा) मऊ स्पंज, मग ओला टॉवेल पिळणं, आणि बोटांभोवती रबर बँड अडकवून बोटं उघडणं. हा शेवटचा व्यायाम बहुतेकजण गाळतात. पकड फिजिओकडच्या मीटरवर मोजून घ्या. ती दुसऱ्या हाताच्या ८५ ते ९० टक्के झाल्याशिवाय बॅगकडे वळू नका. उजवा हात मोडला असेल आणि तुम्ही उजवे असाल तर ९० टक्क्यांच्या खाली समाधान मानू नका, कारण तो हात मुळात जरा जास्तच ताकदवान असतो.

क्लासमध्ये सध्या स्टान्स, फूटवर्क, किक्स आणि चांगल्या हाताचं काम करा. जोडीदाराबरोबरचं काही नको; पाय घसरला तर माणूस नकळत तोच हात टेकतो. ब्लॉकसुद्धा हवेतच. त्यातही शुतो-उके, म्हणजे उघड्या हाताच्या कडेने घ्यायचा ब्लॉक, जोडीदाराच्या हातावर घेऊ नका, त्याचा मार थेट करंगळीखालच्या हाडाच्या कडेवर बसतो. काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) सैल मुठीने करा आणि शेवटचा झटका सहा आठवडे होईपर्यंत देऊ नका.

आठव्या आठवड्यापासून तळव्याने भिंतीवर पुश-अप, मग टेबलावर, मग जमिनीवर. दहाव्याच्या आसपास, डॉक्टरांनी होकार दिला असेल तर, मूठ भिंतीला टेकवून फक्त दाबायची: दहा सेकंद, पाच वेळा, मनगट सरळ. प्रत्येक वेळी हात मागे घेऊन त्वचा बघा. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यावर लाली आली पाहिजे. ती करंगळी-अनामिकेकडे असेल तर हाड मोडण्याचं कारण बहुधा तुमच्या डोळ्यांसमोर आहे. पहिल्या दोन बोटांची हाडं मनगटाशी घट्ट बसलेली असतात, म्हणून धक्का सरळ कोपराखालच्या हातात जातो. करंगळीचं हाड तिथे हलतं, आणि उंचवट्याच्या जरा मागे, हाडाच्या 'माने'पाशी, बारीक असल्याने तिथेच मोडतं. बाहेरून फिरवून मारलेला हुक आणि थकल्यावर वाकलेलं मनगट, दोन्हींमध्ये मार याच हाडावर येतो. जोर वाढवण्याआधी हे दुरुस्त करा, नाहीतर तेच हाड पुन्हा मोडेल.

बाराव्या आठवड्यापासून जोडीदाराने धरलेल्या पॅडवर वीस पंच, एक तृतीयांश जोराने, एक दिवस सोडून. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. सूज नाही, हाड दाबल्यावर दुखत नाही, मूठ कालइतकीच मिटते, तर पुढे जा. नाहीतर आधीच्या पायरीवर तीन दिवस. संख्या, जोर, वेग यांपैकी एका वेळी एकच वाढवा. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करू नका, कारण थांबायची खूण तिथेच झाकली जाते.

बॅग त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. साडेचार मीटरचं रॅप (हाताला गुंडाळायची पट्टी) घ्या: मनगटावर तीन वेढे, उंचवट्यांवर तीन, मग बोटांच्या मधून. बोटं निळसर पडली तर सैल करून पुन्हा बांधा. ग्लोव्ह १४ किंवा १६ औंसांचे. स्पर्धेचे पातळ कराटे मिट्स बॅगसाठी नाहीत. पूर्ण जोराची बॅग तीन आठवडे विनातक्रार झाली की स्पारिंग. मुठीवरचे पुश-अप त्याच्याही नंतर, तेही मॅटवर. फळ्या फोडणं मी सहा महिने तरी बाजूला ठेवेन.

हे वेळापत्रक तुमच्या हाडापुरतं आहे. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या खळगीत दुखणारं स्कॅफॉइड मोडलं असेल तर हिशेबच वेगळा. त्याला रक्तपुरवठा कमी असतो, पहिल्या एक्स-रेत ते दिसायचं राहू शकतं, आणि प्लास्टर आठ-बारा आठवडेही राहतं. आणि मार लागून आठवडे झाले तरी हात जळजळत असेल, नुसत्या स्पर्शाने कळ येत असेल, त्वचा चकचकीत होऊन रंग किंवा घाम बदलला असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. सिगारेट ओढत असाल तर तीही बंद ठेवा, हाड भरायला त्याने उशीर होतो.

परीक्षेच्या दिवशी तुमचा बारावा-तेरावा आठवडा चालू असेल. काता, स्टान्स आणि किक्स आरामात देता येतील. कुमिते (जोडीदाराशी लढत) आणि फळी नाही. सरांना आत्ताच सांगून हे दोन भाग पुढच्या परीक्षेत देता येतील का ते विचारा.