वही नंतर काढ

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, ही जुनी माणसं सहकार्यच करत नाहीत." मी गप्प बसलो, कारण तेव्हा बोललो असतो तर तोंडून वाकडंच गेलं असतं. आज जरा निवलोय, म्हणून लिहितो.

तू पाठवलेला तक्ता बघितला. ११ रकाने! कामाची पायरी, जोखीम, खबरदारी, अमुक नि तमुक. या हंगामात साठी गाठणारे तुमचे दोन पॅनमन, म्हणजे पॅनमध्ये रस आटवून साखरेचा दाणा पाडणारे, तो भरून देणार आणि साखर कारखान्याचं ज्ञान कारखान्यातच राहणार, असा एमडी साहेबांचा, म्हणजे कार्यकारी संचालकांचा, हिशेब. थोरल्या पॅनमननं तक्ता घेतला, कपाळाला लावला आणि "देतो की सावकाश" म्हणाला. ते 'सावकाश' म्हणजे 'नाही', एवढं तुला कळलं. का नाही, हे विचारलंस का त्याला?

३० वर्षं हंगामी आहे तो. धुराडं पेटलं की पगार, विझलं की रिटेन्शन अलाउन्स, म्हणजे पगाराचा तुकडा. पूर्वी पाच-पाच महिने गाळप चालायचं. २०२४-२५ ला राज्यातल्या कितीतरी कारखान्यांच्या ऊस टाकायच्या गव्हाणी १०० दिवसांच्या आत मोकळ्या पडल्या. त्याचे पगाराचे दिवस घटले आणि त्याच्या हाताखालच्या पोराचे शिकायचेही. अशा माणसाकडं राखायला एकच गोष्ट असते, दुसऱ्याला न जमणारं त्याला जमतं. तीच तू रकान्यात मागतेस, तीही फुकट. आधी त्याची भीती काढ, वही नंतर काढ.

मी शिफ्ट केमिस्ट होतो तुझ्याच वयाचा असताना. आमच्याकडं एक म्हातारा पॅनमन होता. सिरप ६० ब्रिक्सचं (म्हणजे त्यात विरघळलेले घटक साठ टक्के), व्हॅक्यूम २५-२६ इंच, तापमान ६५ अंशांच्या आसपास, एवढं आम्हालाही पाठ होतं. पण ग्रेन, म्हणजे साखरेचा पहिला बारीक दाणा, कधी धरायचा ते तो अंगठा आणि तर्जनीत पाकाची तार ओढून ठरवायचा, मग काचेवर थेंब घेऊन उजेडात धरायचा. एका मार्चमध्ये तार बघून म्हणाला, "जळीत आलाय आज." मी यार्डात जाऊन विचारलं. खरंच, जळीत उसाच्या दोन-तीन दिवस शिळ्या गाड्या रात्री घेतल्या होत्या. असल्या उसात डेक्स्ट्रान, म्हणजे जंतूंनी साखरेपासून केलेला चिकट पदार्थ, वाढतं, रस चिकट होतो, दाणा लांबट, सुईसारखा येतो. डेक्स्ट्रान हा शब्द त्यानं उभ्या जन्मात ऐकला नसेल.

दोन हंगाम त्याच्या मागं फिरलो. चहा झाला, तंबाखू झाली, त्याच्या नातीच्या बारशाला जाऊन जेवलो. ४० पानांची वही भरली. ती टाइप करून वर दिली आणि शाबासकी घेतली. पुढची बढती त्या वहीवरच मिळाली, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हाताऱ्यानं त्याच सुमारास दोन हंगामांची मुदतवाढ मागितली होती. अर्जावर शेरा पडला, कार्यपद्धती लेखी उपलब्ध असल्याने आवश्यकता नाही.

मी काही चोरी केली नव्हती. नोंदी ठेवणं माझं कामच होतं, पगार त्याचाच मिळत होता. अर्जाचं मला मागाहून कळलं. आणि आधी कळलं असतं तरी पंचविशीतल्या केमिस्टचं कोण ऐकणार होतं? हे सगळं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आज तुला सांगून बघतोय.

पुढच्या मार्चला जळीत ऊस आलाच. वहीत लिहिल्याप्रमाणं ग्रेन धरला, तर फॉल्स ग्रेन, म्हणजे नको असलेला बारीक दाणा, पडला. पाणी मारून तो विरघळवण्यात अख्खी पाळी गेली, तरीही बारीक दाणा साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगल यंत्राच्या जाळीतून मोलॅसिसमध्ये, म्हणजे मळीत, वाहून गेला. मला जीप देऊन त्याच्या गावी पाठवलं. ओट्यावर बसला होता. सुनेला चहा टाकायला सांगितला, माझी चौकशी केली. मी विषय काढला तेव्हा म्हणाला, "साहेब, वहीत बघा की."

एमडी तुला सांगतील की आता सलग चालणारे कंटिन्युअस पॅन आहेत, ऑटोमेशन आहे. असू देत. त्या पॅनला लागणारा ग्रेन एकेक घाणा काढणाऱ्या बॅच पॅनमध्येच तयार करतात, आणि जळीत ऊस काही यायचा थांबलेला नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर हुशार पोरं इथेनॉलकडं वळली. पॅनवर उरतो तो दुसरीकडं जाता न आलेला. त्याला कंत्राटदाराच्या हजेरीपटावर टाकायचं आणि वर म्हणायचं, शीक! पुण्याजवळ मांजरी गावी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ट्रेनिंगला पाठवायचं तर जरूर पाठवा. पण परत आल्यावर पहिला हंगाम तो कुणाच्या शेजारी उभा राहणार?

म्हणून आधी एमडींच्या केबिनमध्ये जा. दोघांच्या मुदतवाढीचं पत्र माग, सही-शिक्क्यासह. शिकवण्याचा वेगळा भत्ता माग. शिकणाऱ्या पोराला कायम करण्याचा विषय संचालक मंडळापुढं न्यायला लाव. 'त्रिपक्षीय करारात बसत नाही' म्हणतील, म्हणजे कामगार, कारखाने आणि सरकार यांच्यातल्या करारात. कोणत्या कलमात बसत नाही ते विचार. बहुतेक वेळा हे वाक्य म्हणणाऱ्यानं करार उघडलेला नसतो.

आणि साफ नाही म्हणाले तर? तर तक्ता कोरा परत कर आणि कोरा का, ते खाली लिही. नोकरीत नवी आहेस, खोलीचं भाडं आहे, घरी पैसे पाठवतेस, सगळं समजतं मला. समजूनच सांगतोय. भीती काढता येत नसेल तर वही काढूच नकोस. मला तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. असतं तरी मी ऐकलं असतं का, देव जाणे.

उद्या चार ते बाराच्या पाळीला पॅनवर जा. तक्ता टेबलावरच राहू दे. जाण्याआधी आस्थापना विभागात थोरल्या पॅनमनची फाइल काढून मुदतवाढीचा अर्ज कुठं अडकलाय ते बघ. अर्ज नसेलच तर त्याच्याजवळ बसून तू लिहून दे.

तुझा,
काका