एकाच घरातली तीन वयं

"मॅडम, मोठा पार हाताबाहेर गेलाय. तिघांनाही सारखीच शिस्त लावली हो आम्ही, कमी-जास्त काही केलं नाही." नाशिकच्या सिडकोतून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या त्या ताई खुर्चीवर टेकायच्या आतच सुरू झाल्या.

मोठा नववीत. त्याला आर्यन म्हणू (नावं बदलली आहेत). खोलीचं दार लावून बसतो, जेवायला दहा हाका माराव्या लागतात, रात्री साडेबारा-एकपर्यंत जागा आणि सकाळी उठवायला गेलं की अंगावर येतो. सहावी-सातवीपर्यंत शाळेतलं बारीकसारीक सगळं आईला सांगायचा. आता विचारलं तर "काही नाही". पोरगं बिघडलं का, ही काळजी घेऊनच माझ्याकडे सर्वांत जास्त पालक येतात.

वडील अंबडच्या कंपनीत, सेकंड शिफ्टला. घरी कोणी नाही म्हणून ताई तिन्ही पोरांना घेऊन आल्या होत्या. चौथीतली सई आणि साडेचार वर्षांची चिऊही होती. एरवी अशी गर्दी मला नको वाटते, पण त्या दिवशी तिचाच उपयोग झाला.

टेबलावर दोन सारखे पेले होते. दोन्हींत सारखं पाणी ओतलं. चिऊ म्हणाली, सारखंच आहे. मग तिच्यादेखत एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओतलं आणि पुन्हा विचारलं, आता कशात जास्त? चिऊने क्षणाचाही विचार न करता उंच ग्लासावर बोट ठेवलं. सई खो-खो हसली. "अगं वेडे, तेवढंच आहे! परत त्यात ओत, बघ." आर्यन मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मॅडम, तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की तिला वाटणारच ना, आपलं आधीचं उत्तर चुकलं."

"बघा, तुम्हालाही उलट बोलला!" ताई म्हणाल्या.

मला मात्र आनंद झाला. हा प्रयोग स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा, आणि आर्यनने घेतलेला आक्षेप १९७० च्या दशकात इतर मानसशास्त्रज्ञांनीही घेतला होता. पियाजेंच्या मांडणीत साधारण दोन ते सात वर्षांचं मूल डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास ठेवतं. सात ते अकराच्या सुमाराला ते समोरच्या वस्तूंबद्दल तर्क करू लागतं. अकरा-बारानंतर त्याला "असं असेल तर?" हा विचार जमू लागतो, आणि मग ते विचारणाऱ्याचा प्रश्नही तपासून पाहतं. या रेषा काटेकोर नाहीत, कोणी पुढे, कोणी मागे. पण तीन वयांची तीन डोकी त्या दिवशी एकाच टेबलाभोवती बसली होती.

ताईंच्या घरचा नियम मात्र तिघांना एकच: सांगितलं ते करायचं, का म्हणून विचारायचं नाही. चिऊला तो चालतो. तिला कारणापेक्षा रोजची ठरलेली घडी हवी असते. सईला नियम सगळ्यांना सारखा हवा. चिऊला सूट मिळाली की ती भांडते. आर्यनला कारण पटलं पाहिजे. नाही पटलं तर तो वाद घालतो, नाहीतर दार लावतो.

झोपेचं मी त्यांना वेगळं सांगितलं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. आर्यनचा क्लास पहाटे सहाला, कॉलेज रोडला. म्हणजे जेमतेम पाच तास झोप. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवलं, ते चांगलंच झालं. पण पहाटेची झोप खरी मोडते ती आठवी-नववीच्या पोरांची, आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. शिवाय रागावर लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. त्यात झोप अपुरी, मग पहाटे उठवल्यावर गोड उत्तर कुठून येणार?

पुढच्या भेटीत रविवारी वडीलही आले. क्लास संध्याकाळच्या बॅचला घेतला. मोबाइल रात्री अकराला हॉलमध्ये चार्जिंगला, आणि वडिलांचाही. ही अट आर्यनची. दार लावलं तर चालेल, बाकीच्यांनी टकटक करून आत जायचं. उलट उत्तरं थांबली नाहीत, पण ताई आता त्यांतला मुद्दा ऐकून घेतात.

दार लावणं एवढ्यावरून मी कुणालाही आजारी ठरवत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास दिसलं, जेवण-झोप पार बदलली, मित्र तुटले, आवडीचं सगळं सोडून दिलं, तर मात्र वाट बघू नये. आणि मरणाची भाषा आली किंवा अंगावर जखमा दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर रात्री-अपरात्रीही लागतो.

आर्यनमध्ये यातलं काही नव्हतं. माझं लक्ष सईकडे गेलं. चित्र काढ म्हटलं तर म्हणाली, "मला नाही येत. वर्गात सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं." ही मधली वर्षं शांत जातात, म्हणून या वयाची मुलं समुपदेशनाला फारशी कोणी आणत नाही. पण स्वतःला इतरांशी ताडून बघणं याच वयात जोर धरतं. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांनी या टप्प्याचा पेच कर्तबगारी की न्यूनगंड असा मांडला. अशा मुलाला "तू हुशार आहेस" म्हणून भागत नाही, हातून काहीतरी नीट पार पडावं लागतं. ताईंचं माहेर पिंपळगावचं, भावाची द्राक्षबाग. हंगाम सुरूच होता. सुट्टीच्या दिवशी गाडीत चढणारे क्रेट मोजून वहीत लिहायचं काम मामाने सईला द्यावं, असं आम्ही ठरवलं. पहिल्याच रविवारी मामाच्या आणि तिच्या आकड्यात दोन क्रेटचा फरक आला. पुन्हा मोजले, तेव्हा सईचा आकडा बरोबर निघाला.