यूएसबी प्रिंटर डेस्कटॉपवरून शेअर केलाय. लॅपटॉपवर कधी 'ऑफलाइन' दिसतो, कधी ११बी एरर येते. काय करू?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून: लेझर प्रिंटर यूएसबीने विंडोज ११ च्या डेस्कटॉपला जोडलेला आहे आणि तिथून प्रिंट नीट येते. लॅपटॉपवर मात्र तो मधूनच ऑफलाइन होतो, आणि काढून पुन्हा जोडायला गेलं की शेवटी ११बी असलेली एरर (0x0000011b). ड्रायव्हर दोनदा टाकून झालाय.

तिसऱ्यांदा टाकू नका. डेस्कटॉपवरून कागद बाहेर येतोय, म्हणजे प्रिंटर, वायर आणि तिथला ड्रायव्हर शाबूत आहेत. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडणार नाही.

आधी ऑफलाइनचं बघू. इथे नेटवर्कवर प्रिंटर नाहीच, डेस्कटॉप आहे. तो स्लीपमध्ये गेला की लॅपटॉपच्या लेखी प्रिंटर गेला. पॉवर सेटिंग्जमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तरी चालेल.

मग डेस्कटॉप जागा असताना लॅपटॉपवर विंडोज आणि आर ही बटणं दाबून रनच्या चौकटीत दोन बॅकस्लॅश आणि डेस्कटॉपचं नाव टाका. शेअर केलेला प्रिंटर दिसला किंवा पासवर्ड मागितला, तर नेटवर्क ठीक आहे. 'नेटवर्क पाथ सापडला नाही' असं आलं, तर नावाऐवजी डेस्कटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता) टाकून बघा, उदाहरणार्थ \\१९२.१६८.१.३५. (डेस्कटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा दिली की आयपीव्ही४ च्या ओळीत तो मिळतो.) आयपीने उघडतं पण नावाने नाही, असं झालं तर आपल्याकडच्या घरांत पहिला संशय दोन राउटरवर घ्यावा. फायबरवाल्याने बसवलेला डबा स्वतःचं वायफाय देतो, आणि लांबच्या खोलीत रेंज यावी म्हणून आपण दुसरा राउटर लावतो. दोन्ही मशीनवर आयपीकॉन्फिग करा. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० ने सुरुवात होत असेल, तर घरात एक नाही, दोन नेटवर्क आहेत. लॅपटॉप कुठल्या खोलीत बसून वापरता त्यावर प्रिंटर दिसणं-न दिसणं ठरतं, म्हणून हा बिघाड लहरी वाटतो. उपाय: दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता फक्त वायफाय पुढे देईल. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद करा, त्याला पहिल्याच्या मालिकेतला मोकळा आयपी द्या आणि फायबरच्या डब्यातून येणारी केबल त्याच्या वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये लावा. गेस्ट वायफायवरूनही प्रिंटर सहसा दिसत नाही, तेही तपासा.

दोन्ही मशीनवर नेटवर्क प्रोफाइल 'प्रायव्हेट' हवं. 'पब्लिक' असेल तर फायरवॉल शेअरिंग अडवते.

आता ११बी. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून विंडोजने छपाईच्या जोडणीची ओळखतपासणी कडक केली, त्यातून ही एरर आली. एक मशीन अद्ययावत आणि दुसरं मागे असेल तर ती येऊ शकते, म्हणून आधी दोन्हीकडचे अपडेट पूर्ण करा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदीत) एक किंमत शून्य करायचा सल्ला सगळीकडे फिरतोय. त्याने एरर जाते, पण सुरक्षेतल्या ज्या भोकासाठी ते ठिगळ लावलं तेच पुन्हा उघडं पडतं. मी तरी तो देणार नाही.

त्याऐवजी लोकल पोर्टची वाट धरा, म्हणजे लॅपटॉपवर प्रिंटर स्वतःचाच म्हणून जोडा, फक्त त्याचं पोर्ट डेस्कटॉपकडे वळवा. डेस्कटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचा एक साधा युजर बनवा, नाव इंग्रजी अक्षरांत, आणि त्याला पासवर्ड द्याच. रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. पिनही इथे चालत नाही, लोक नेमके तिथेच अडतात. लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) 'विंडोज क्रेडेन्शियल्स'खाली डेस्कटॉपचं नाव, मग डेस्कटॉप\युजर आणि पासवर्ड भरा. प्रिंटरचं शेअरनेम (डेस्कटॉपवर शेअर करताना दिलेलं नाव) छोटं, स्पेस नसलेलं ठेवा. मग लॅपटॉपवर प्रिंटर जोडताना 'अ‍ॅड मॅन्युअली', त्यात मॅन्युअल सेटिंग्जचा पर्याय, नवीन पोर्ट, प्रकार 'लोकल पोर्ट', आणि पोर्टचं नाव \\डेस्कटॉप\शेअरनेम. ड्रायव्हर नेमक्या मॉडेलचाच निवडा. यादीत नसेल तर कंपनीच्या साइटवरून उतरवून 'हॅव डिस्क'ने द्या. पोर्ट बनवताना 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर क्रेडेन्शियलमध्ये चूक आहे, पोर्टमध्ये नाही.

जुन्या प्रिंट रांगेत अडकल्या असतील तर सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल\प्रिंटर्स फोल्डरमधल्या फाइल्स उडवा (फोल्डर नाही) आणि स्पूलर चालू करा.

आणि हो, प्रिंटरच्या पाठीमागे राउटरच्या मागे असतं तसं, नेटवर्क केबलचं लॅन पोर्ट (यूएसबीचं नव्हे) आहे का ते एकदा वाकून बघा. असेल तर यातलं काही करू नका. केबल थेट राउटरला लावा, राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये प्रिंटरला कायमचा आयपी बांधून द्या, नाहीतर वीज गेली-आली की तो बदलू शकतो. दोन्ही मशीनवर स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्टने तो जोडा, पोर्ट क्रमांक ९१००. प्रिंट येऊनही ऑफलाइनच दिसत राहिला, तर त्या पोर्टच्या कॉन्फिगरेशनमधली 'एसएनएमपी स्टेटस'ची (प्रिंटरची स्थिती नेटवर्कवरून विचारण्याची) खूण काढून टाका.