पेशींचा साठा बदलल्यावर औषधाचा परिणाम गेला? आधी मायकोप्लाझ्मा तपासा

तुमचं न्यूक्लिओसाइडसारखं (डीएनए-आरएनएच्या घटकासारखं) रसायन क्लासिकल स्वाइन फीवर या डुकरांच्या रोगाच्या विषाणूला पीके-१५ या डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत छान रोखत होतं आणि पेशींचा नवा साठा आणल्यापासून काहीच करत नाही, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि आमची जुनी डोकेदुखी आठवली. रसायनच खराब झालंय, असं तुमचे गाइड म्हणतात. असेलही, मी ते पाहिलेलं नाही, नुसत्या पोस्टवरून बोलतोय. पण नवी बाटली मागवण्याआधी पेशींची मायकोप्लाझ्मा पीसीआर (या सूक्ष्म जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) करून घ्या.

मायकोप्लाझ्मा हायोऱ्हायनिस हा मुळात डुकराच्या श्वसनमार्गातला जंतू, आणि पेशीसंवर्धनात नेहमी सापडणारा. न्यूक्लिओसाइड तोडणारी एन्झाइम्स त्याच्याकडे असतात, त्यामुळे काही औषधं विषाणूपर्यंत पोचण्याआधीच निकामी होतात. त्याला पेशीभित्तिका नाही, म्हणून पेनिसिलिन चालत नाही. मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) गढूळ होत नाही, पेशीही ठणठणीत दिसतात. डीएपीआय या डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने रंगवून बघा: केंद्रकाबाहेर जिथे अंधार हवा तिथे बारीक चमकते ठिपके दिसतील.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पेशी पुरवणाऱ्या विभागाने (नाव घेत नाही). दाखल्यावर ‘निर्जंतुक’ असा शिक्का होता. ती तपासणी फक्त नेहमीचे जिवाणू आणि बुरशी यांची होती. मायकोप्लाझ्मा कुणी बघितलाच नव्हता. मूळ अहवाल मागितला तर म्हणे तो अंतर्गत कागद आहे. पुन्हा विचारलं तर आमच्याच हूडवर (निर्जंतुक हवेच्या कामाच्या कपाटावर) खापर फोडलं. या पत्रापत्रीत एका विद्यार्थिनीचं अख्खं सत्र गेलं, आणि त्याचा राग मला अजून आहे. कुठली चाचणी, कुठल्या पद्धतीने, कुठल्या बॅचवर, हे लेखी मिळाल्याशिवाय पेशी इनक्युबेटरमध्ये ठेवूच नका.

पीके-१५ च्या बाबतीत तर जास्तच सावध राहा. पोर्सिन सर्कोव्हायरस हा डुकरांचा विषाणू १९७४ मध्ये सापडला तो याच पेशींत, दूषक म्हणून. शिवाय मीडियममध्ये घालतात त्या गाईच्या सीरममधून बीव्हीडी या गुरांच्या अतिसाराच्या रोगाचा विषाणू येतो. तो तुमच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद, त्यामुळे विषाणू रंगवून मोजायची अँटिबॉडी नेमकी नसेल तर तोही रंग घेतो आणि आकडे फसवतात.

माझं मत, सगळ्यांना पटेलच असं नाही: दूषित पेशींना अँटिबायोटिक देऊन वाचवत बसू नका. ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने मारून टाका) आणि नव्याने सुरुवात करा. विषाणूचा साठा त्याच पेशींत वाढवला असेल तर तोही तपासा, नाहीतर नव्या पेशी पहिल्याच संसर्गात पुन्हा दूषित होतील. हे बहुतेक जण विसरतात.

जाता जाता: पुढे पीआरआरएस या डुकरांच्या प्रजनन-श्वसन रोगावर काम करणार असाल तर मार्क-१४५ मधल्या निकालावर थांबू नका. त्या माकडाच्या पेशी आहेत. डुकराच्या फुप्फुसातल्या मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशींत) चाचणी कराच. आणि १० मिग्रॅ प्रतिकिलो डोस म्हणजे १०० किलोच्या जनावराला दर वेळी १ ग्रॅम औषध. हा हिशेब, मांसातल्या अवशेषांसकट, आत्ताच मांडा.

कुणी डुक्करपालक हे वाचत असेल तर यातलं काहीही जनावरांना देऊ नका. स्वाइन फीवरची शंका आली की लगेच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

पीसीआरचा निकाल आला की इथेच टाका, पुढचं त्यावरून बोलू.