गिरणगाव अजून आहे का, की नुसतं नाव उरलंय?

लोअर परळला टॉवरमध्ये फ्लॅट भाड्याने घेतलाय, खिडकीतून गिरणीची एक चिमणी दिसते, तर जुनं गिरणगाव, म्हणजे लालबाग-परळचा हा कापडगिरण्यांचा भाग, अजून कुठे बघायला मिळेल असं तुम्ही विचारलंय. मी चिंचपोकळीचा, तिसरी पिढी, तर माझ्या परीने सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका, की इथले लोक पहिल्यापासून इथलेच. कोणीच इथलं नव्हतं हो. माझे आजोबा १९५६ साली दाभोळहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, हातात पत्र्याची ट्रंक आणि वळकटी, आणि पत्ता म्हणजे लालबागच्या एका चाळीतली आमच्या गावच्या मंडळाची खोली, म्हणजे गाळा. दहा बाय बाराची खोली आणि नावं पंचवीस-तीस जणांची. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले त्याच जागेत पाय पसरायचे, पावसाळा सोडला तर बरेचजण बाहेर गॅलरीत नाहीतर फुटपाथवर. भिंतीला प्रत्येकाची एक खुंटी ठरलेली, आजोबा म्हणायचे मुंबईत माझी पहिली प्रॉपर्टी म्हणजे ती खुंटी. बायकांनी तिथे राहायचं नाही, जेवण खानावळीत, महिन्याची वर्गणी चुकवली तर गावच्या मीटिंगमध्ये नाव निघणार. नव्या पोराला गिरणीत बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, चिकटवायचं काम पण गाळ्यातलाच कोणीतरी ओळखीचा जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, काढून करायचा. आजरा-चंदगडकडच्या लोकांचे असेच गाळे होते, आणि गोंयकारांचे धोबीतलावला कुड, पद्धत तीच, फक्त देव वेगळा.

खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे बरं का, चाळीतलीच एखादी मावशी वीस-पंचवीस जणांचं दोन वेळचं रांधायची आणि पगाराच्या दिवशी हिशेब, तोपर्यंत वाण्याकडे उधारी आणि सावकाराचं व्याज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, माझ्या मते गिरणगावच्या इतिहासात संपाइतकीच मोठी गोष्ट आहे ती, पण संपावर सगळे बोलतात आणि हिच्यावर कोणी नाही.

संपाचं तुम्हाला माहीत असेलच, १८ जानेवारी १९८२, पुढारी दत्ता सामंत, अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार बाहेर. माझे वडील त्यातलेच, नंतर त्यांनी भाजी विकली, वॉचमनकी केली, त्याबद्दल ते बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. पण गिरणगाव नुसतं संपाने बदललं असं मला वाटत नाही. खरा फटका जमिनीचा. १९९१ च्या नियमात असं होतं की मालकाने जमीन विकसित केली तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि राहिलेली त्याला. २००१ मध्ये ते बदलून वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची केली, ज्यावर गिरणीचं बांधकाम उभं आहे ती धरायचीच नाही, आता गिरणीत बांधकाम नसलेली जागा ती किती असणार? २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. तुमचा टॉवर, समोरचा मॉल, ऑफिसं, सगळं या एका दुरुस्तीच्या पोटातून निघालंय. आणि गिरणी कामगारांना आता घरं कुठे देतायत तर पार बदलापूरच्या पुढे शेलू-वांगणीला, त्यावरून २०२५ मध्ये आझाद मैदानात आंदोलन पण झालं.

अजून एक फरक बघा. आजोबांना लोकल लागायचीच नाही, भोंगा झाला की चालत गिरणीत. चाळ आणि गिरणी एकमेकांना लागून, म्हणून स्टेशनं छोटी, पूल अरुंद. आता उलटं झालंय, राहणारे गेले विरार-बदलापूरला आणि त्याच जागेत काम करायला लाखो लोक रोज ट्रेनने येतात. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर २३ जण चेंगरून मेले ते काय नुसतं पावसामुळे नाही.

आता बघायचं काय. लालबागची मसाला गल्ली, पण एप्रिल-मे मध्ये जा, बायका मिरच्या निवडून घेतात, भाजून डंकावर कुटून घेतात, शिंकून शिंकून हैराण व्हाल. चिवडा गल्ली तिथेच जवळ. गणपतीत लालबागच्या राजाच्या लाइनीत उभं राहायच्या आधी गणेश गल्लीत जा, ते मंडळ १९२८ चं, राजा १९३४ चा, हे सांगितलं की आमच्याकडे अजून भांडणं होतात. बीडीडी चाळी, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी चाळी, बघायच्या असतील तर लवकर बघा, १६० फुटाच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटाचं घर मिळतंय आणि वरळीत चाव्या मिळायला पण लागल्या. आणि प्लीज, त्या लोकांसमोर चाळ किती छान होती असं म्हणू नका, सकाळी संडासच्या लाइनीत डबा घेऊन उभं राहिलेल्या माणसाला त्याचं काही कौतुक नसतं. मी स्वतः २०१४ पासून रिडेव्हलपमेंटच्या बिल्डिंगमध्ये राहतो आणि मला परत चाळीत जायचं नाहीये.

मग गेलं काय म्हणाल, तर गाळा गेला. आजही रोज माणसं येतातच की, तुमच्या टॉवरचा वॉचमन, पार्सल आणणारा पोरगा, मसाल्याच्या दुकानात पोती उचलणारा, पण खिशात पैसे नसताना ट्रंक घेऊन उतरावं आणि रात्री टेकायला हक्काची जागा असावी, ती सोय आता या एरियात परवडत नाही, ते बिचारे मानखुर्द नाहीतर नालासोपाऱ्याहून येतात.

आमच्या मंडळाच्या गाळ्याच्या बदल्यात पण बिल्डरने फ्लॅट दिलाय, ३०० फुटाचा, लिफ्ट, टाइल्स, सगळं. भाड्याने द्यायचा की विकून गावच्या देवळाचं काम करायचं यावर चार वर्षं मीटिंगा चालू आहेत. गावातून राहायला कोणी येत नाही, पोरं आता चिपळूण नाहीतर पुण्याला जातात. सोसायटीत बॅचलर चालत नाहीत म्हणे. फ्लॅटला कुलूप आहे, चावी माझ्या चुलत काकांकडे असते, बघायचा असेल तर सांगा, पण आत खुंट्या वगैरे काही नाहीत.