बाबांची जुनी ओम्नी ठेवू की ईको घेऊ?

घरात माणसं जास्त असतील तर ईकोच घ्या. ओम्नीवर माझाही जीव आहे, पण ७९६ सीसीचं इंजिन, त्यात सातजण आणि बोचकी भरून आंबा घाट चढायचा म्हणजे रडतखडत, एअरबॅग नाही आणि पुढं बॉनेटच नाही त्यामुळे धडक बसली की थेट गुडघ्यावर. ईकोत १.२ लिटरचं इंजिन, एसीचा ऑप्शन, सरकता दरवाजा तोच (अर्धं प्रेम त्या दरवाज्यावरच असतं ना!). ओम्नी २०१९ ला बंद झाली तरी गावातला कुठलाही मेकॅनिक डोळे झाकून खोलतो, म्हणून लगेच विकू नका. १५ वर्षं झाली असतील तर फिटनेस टेस्ट करून आरसी (गाडीची नोंदणी) ५ वर्षांसाठी रिन्यू होते, फक्त आधी खालून पत्रा गंजलाय का बघा, गंजला असेल तर सोडा.