शिळ्या भातातलं विष सेन्सरला कळतं का?

प्रश्न: रात्रीचा भात ओट्यावरच राहतो, सकाळी फोडणी देऊन डब्यात नेते. वास तर येत नाही. अन्नातलं विष ओळखणारे बायोसेन्सर आलेत म्हणे, घरी वापरता येतील का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: ताई, आधी भाताचं सांगते, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या बॅक्टेरियाचे बीजाणू (त्याचं उष्णता सोसणारं, सुप्त रूप) भात शिजवला तरी जिवंत राहतात, आणि मुंबईच्या दमट उकाड्यात रात्रभर बाहेर ठेवलं की ते वाढून सेरेउलाइड हे विष तयार करू शकतात, जे १२१ अंशांनाही टिकतं, म्हणजे तुमची फोडणी, कुकर, मायक्रोवेव्ह काहीच कामाचं नाही हो. वासावर तर अजिबात जाऊ नका.

आता सेन्सर. बायोसेन्सर म्हणजे एखादा जैविक पदार्थ वापरून हवी ती गोष्ट ओळखणारं उपकरण. शुगर तपासायचा ग्लुकोमीटर हाही बायोसेन्सरच, त्यात एन्झाइम असतं. विषासाठी बहुतेक वेळा अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक पदार्थालाच चिकटणारं प्रथिन, वापरतात, सोन्याच्या पातळ थरावर ती बसवायची, वरून अन्नाचा अर्क सोडायचा, विष चिकटलं की परावर्तित प्रकाशात बारीक फरक पडतो आणि तो मशीन मोजतं. दूध-पनीरमधलं स्टॅफिलोकोकसचं विष असं पकडता येतं. पण सेरेउलाइडचा रेणू इतका छोटा की त्याच्यासाठी अँटिबॉडी बनवणंच अवघड, तिथे लॅबमधलं मास स्पेक्ट्रोमीटरच, म्हणजे रेणू त्याच्या वजनावरून ओळखणारं मोठं यंत्र, लागतं. शिवाय तेल-मसाल्याच्या जेवणातून स्वच्छ अर्क काढणं हेच मोठं काम, त्यामुळे घरच्या ओट्यासाठी ही वस्तू नाहीच.

भात पसरट ताटात निववा, तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा. आणि ओट्यावरचा उरलेला कृपा करून टाकून द्या, डब्यात नको.